मायचं तारण

आमच्या कारंज्यात 'तारण' हा शब्द माणूस आधी सोसायटीत शिकतो. सातबारा तारण ठेवा, कर्ज न्या, फेडलं नाही तर बोजा तसाच. आमची ख्रिस्ती घरं मोजकीच. आमच्या प्रार्थनेत दर रविवारी हाच शब्द येतो, पण अर्थ उलटा. आपण काही ठेवायचं नाही, दुसऱ्यानंच फेडून टाकलेलं. शेतकऱ्याला हे पटायला जड जातं. इथं कर्जमाफी झाली तरी यादीत आपलं नाव येते की नाही, याची धाकधूक असतेच.

माझ्या मायला तीच धाकधूक होती. शेवटच्या वर्षी ती खाटेला लागली. रात्री दिवा मालवला की विचारायची, "बाबू, तिथच्या यादीत माह्यं नाव असन ना रे?"

बाप नागपूरला एका मिशनच्या दवाखान्यात कामाला होता. तिथं १९५८ साली त्यानं बाप्तिस्मा घेतला. बाप गेला म्हणून मागं माय गेली. तिला अक्षर येत नव्हतं. पुढं दोघं शेतीवर परत आले. एकदा नागपूरच्या सभेत एका प्रचारकानं सगळ्यांना उभं केलं अन् म्हटलं, तुमचं तारण कोणत्या दिवशी झालं, तारीख सांगा. लोक धडाधड सांगू लागले. मायजवळ तारीख नव्हती. बाप्तिस्म्याचा दिवस आठवत होता, पण त्या दिवशी डोक्यावर पाणी पडलं, यापलीकडं काही झालं असं तिला वाटलंच नव्हतं. ते काट्यासारखं तिच्या मनात रुतून बसलं. असा प्रश्न भरसभेत कोणाला विचारू नये, असं माझं मत आहे.

मी दहावी शिकलेला माणूस, मोठं शास्त्र काय सांगणार? घरात पंडिता रमाबाईंची साक्ष होती, ती वाचून दाखवू लागलो. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. संस्कृताची पंडिता, पुराणं मुखोद्गत. तरी त्या स्वतःच सांगतात की तेव्हा धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. मनाला खात्री पटली ती १८९१ च्या सुमारास, म्हणजे आठ वर्षांनी. हॅसलम नावाच्या एका इंग्रज पाळकाचं पुस्तक त्यांच्या हाती आलं होतं. त्या पाळकाची गोष्ट तर आणखी नवलाची. वर्षानुवर्षं तो लोकांना उपदेश करत होता, अन् १८५१ मध्ये स्वतःच्याच उपदेशानं त्याचे डोळे उघडले!

माय उठून बसली. "एवढी शिकलेली बाई, तिलेई आठ वर्सं लागले?"

मग दुसऱ्या रात्री लक्ष्मीबाई टिळकांचं सांगितलं. नवऱ्यानं १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, बाई वेगळ्या राहिल्या. पुढं नवऱ्याकडं आल्या तरी सोवळं सुटलं नव्हतं. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० साली. माय हसली. म्हणाली, "मी तं तुह्या बापाच्या मांगं त्याच दिशी गेली." रमाबाईंबद्दल तिला आणखी एक गोष्ट आवडली. १८९६-९७ च्या दुष्काळात बाई आपल्या मध्यप्रांतात आल्या अन् उपाशी पोरीबायांना घेऊन गेल्या. आपला वर्धा जिल्हाही तेव्हा मध्यप्रांतातच होता. केडगावची जमीनही बाईंनी फळझाडं लावायला घेतली होती, हे ऐकून मायनं लगेच विचारलं, "पान्याचं काय केलं?" विहिरी खोदल्या, म्हटलं.

योहानाच्या पहिल्या पत्रात पाचव्या अध्यायात तो पत्र लिहिण्याचं कारण सांगतो. विश्वास ठेवणाऱ्यांना आपल्याजवळ जीवन आहे हे कळावं, म्हणून. वाटावं म्हणून नाही, कळावं म्हणून. हे मी तिला दोनदा समजावलं. माय बराच वेळ गप्प होती. तिनं तरुणपणी संत्र्याच्या नर्सरीत रोजीनं काम केलं होतं, जंबेरीच्या खुंटावर डोळे बांधायचं. म्हणाली,

"बांधला तो दिवस मुकादम लिवून ठेवे. पन डोळा कोन्या राती लागला, हे कोनाले समजते गा? आंगठ्यानं रोज उकरून पाह्यलं तं मरतेच तो. हिरवा फुटला म्हंजे लागला."

"मंग तुहा फुटला का?" मी विचारलं.

"माह्या सवतीच्या पोरीले मीच वाढवलं ना रे. पह्यली मी असती तं नसतं वाढवलं."

हे मला माहीत होतं, पण असं जोडून कधी पाहिलं नव्हतं. सावत्र पोरीला तिनं आमच्याआधी जेवू घातलं, लग्न लावून दिलं. ते तिच्या पुण्याईच्या खात्यात जमा झालं असं ती म्हणत नव्हती, हेही इथं लिहिलं पाहिजे. ती म्हणत होती, हे माझ्याच्यानं झालं नसतं, म्हणजे कोणीतरी आत आहे.

माझं स्वतःचं सांगायचं तर मला अजून काही दिवस खात्री असते, काही दिवस नसते. नापिकीच्या सालात जास्तच नसते. मायला मात्र त्यानंतर नावाचा प्रश्न पडला नाही. ते मेचे दिवस होते, बगिचा ताणावर होता. पाऊस पडल्यावर ती रोज एवढंच विचारायची, मृगाचं फूल निघालं का. जुलैत निघालं. एक डहाळी तोडून मी तिच्या उशाशी ठेवली, तर म्हणाली, "कायले तोडली रे, चार फळं गेले."