आदल्या संध्याकाळचे धोंडस

भाद्रपदात मुंबईहून रात्रीच्या गाडीने कोकणात निघालात, तर रत्नागिरीच्या आसपास उजाडू लागते. खिडकीबाहेर पोटरीला आलेली भातखाचरे, पावसाने काळवंडलेली कौले आणि वईवर चढलेले वेल दिसू लागतात. कणकवली, कुडाळ, सावंतवाडी अशा स्थानकांवर खोकी आणि पिशव्या सावरीत चाकरमानी उतरतात. एरवी दोन वृद्ध माणसांच्या चिरेबंदी घरात गणपतीच्या आदल्या रात्रीपर्यंत बारा-पंधरा माणसे जमलेली असतात.

आपण अशा घरी पाहुणे म्हणून जाल, तेव्हा सकाळी क्षणभर स्वयंपाकघरात डोकावून पाहावे. न्याहारीला घावने किंवा आंबोळ्या असतात. दोन्ही पदार्थ तव्यावरून थेट पानात पडावेत असे. म्हणून घालणारी व्यक्ती शेवटी जेवते. पंधरा माणसांना प्रत्येकी दोन घावने म्हटली तरी तीस होतात. एकाला दोन मिनिटे धरली, तर तव्यापुढे तासभर उभे राहणे आले. तव्यापुढे उभ्या असतात त्या बहुधा घरातल्या आजीच, कारण तव्याचा अंदाज त्यांनाच असतो. सहा वाजता चहाबरोबर त्यांनी मधुमेहाची गोळी घेतलेली असते आणि पहिला घास पोटात जायला दहा वाजतात.

वैद्य म्हणून मला गुडघेदुखीपेक्षा या चार तासांची काळजी अधिक वाटते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन खाणे लांबले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम फुटणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे, बोलण्यात गोंधळ होणे ही तिची लक्षणे. वृद्धांमध्ये पुष्कळदा केवळ गोंधळ किंवा गळून गेल्यासारखे वाटणे एवढेच दिसते आणि घरचे म्हणतात, ‘दगदगीने थकली असेल.’ अशा वेळी व्यक्ती शुद्धीवर असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि साखर मोजता येत असेल तर पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी. बरे वाटताच काहीतरी खायला द्यावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडाने काहीही देऊ नये. त्वरित रुग्णालय गाठावे.

यावरचा एक उपाय कोकणाच्या जुन्या स्वयंपाकातच आहे. भाद्रपदात इथे तवसे, म्हणजे मोठी जून काकडी, मुबलक पिकते. गणपतीच्या वर बांधलेल्या माटवीतही, गोव्यात जिला माटोळी म्हणतात, ती टांगलेली दिसते. तिच्यापासून होणाऱ्या भाजलेल्या गोड पदार्थाला कुठे धोंडस म्हणतात, तर गोव्यात तवसळी. त्यात यीस्ट नाही, पीठ आंबवणे नाही, फुगण्याची वाट पाहणेही नाही. जाड बुडाच्या पातेल्यात मिश्रण थापायचे, झाकणावर निखारे ठेवायचे आणि खालून-वरून मंद आच द्यायची, हीच इथली जुनी भट्टी. गोव्यातील ख्रिस्ती घरांत नाताळसाठी रवा आणि नारळाचा ‘बात’ हा केक भाजतात, त्याचे मिश्रण आदल्या रात्री भिजवून ठेवतात. घर पाहुण्यांनी भरण्याआधीच काम उरकण्याची युक्ती दोन्हीकडे सारखीच आहे.

साहित्य सोपे आहे. दोन वाट्या तांदळाचा रवा, चार वाट्या तवसाचा कीस त्याच्या पाण्यासह, एक वाटी चिरलेला गूळ, एक वाटी ओले खोबरे, तीन चमचे तूप, वेलची आणि चिमूटभर मीठ. तवशाची साल आणि जून बिया काढून कीस करावा. रवा तुपात मंद आचेवर खमंग भाजावा. कीस, गूळ आणि खोबरे एकत्र उकळून त्यात रवा घालावा व घट्ट होईपर्यंत शिजवावा. फार कोरडे वाटल्यास थोडे गरम पाणी घालावे. मग तूप लावलेल्या भांड्यात थापून, झाकण ठेवून, जाड तव्यावर अगदी मंद आचेवर अर्धा ते पाऊण तास ठेवावे. ओव्हन असेल तर 180 अंश सेल्सिअसवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटे पुरतात. कडा सुटून वर तांबूस रंग आला की झाले. पूर्ण निवल्यावरच सोळा वड्या पाडाव्यात. गरम असताना त्या मोडतात.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने पाळाव्यात. तवसे चिरल्यावर त्याचा तुकडा आधी चाखावा. कडू लागल्यास थुंकून टाकावा आणि ते तवसे पूर्णपणे फेकून द्यावे. तो कडवटपणा विषारी द्रव्यांचा असतो आणि शिजवल्याने किंवा गूळ घातल्याने ती नाहीशी होत नाहीत. निखारे वापरायचे असल्यास खळ्यात किंवा मोकळ्या पडवीत वापरावेत. बंद खोलीत त्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रंग-वासाशिवाय जीव घेऊ शकतो.

हलके व्हावे म्हणून हल्ली पुष्कळजण त्यात खाण्याचा सोडा घालतात. त्याची आवश्यकता नाही. एका चहाच्या चमच्याएवढ्या सोड्यात सुमारे 1200 मिलिग्रॅम सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीच्या दिवसभराच्या आहारात ते 2000 मिलिग्रॅमपेक्षा कमी असावे. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांच्या घरी सोडा टाळलेलाच बरा.

गुळाविषयीचा एक गैरसमजही दूर करायला हवा. रक्तातील साखर वाढवण्यात गूळ आणि साखर यांत फारसा फरक नाही. वरील प्रमाणातील एका वडीत साधारण दीड पोळीइतके कर्बोदक असते. म्हणून मधुमेह असलेल्यांनी एकच वडी घ्यावी आणि ती पोळी-भाताच्या जागी घ्यावी, त्यांच्या जोडीला नव्हे. सोबत मोड आलेल्या मुगाची उसळ किंवा ताक घेतल्यास पोटही भरते. कवळी असलेल्यांना हा ओलसर पदार्थ चावायला सोपा जातो. मात्र पक्षाघातानंतर किंवा कंपवातामुळे गिळण्यास त्रास होत असेल, तर वडी कोमट दुधात पूर्ण मऊ करावी, बसवूनच भरवावी आणि त्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे.

कोकणातल्या दमट हवेत ओल्या खोबऱ्याचा पदार्थ फार काळ टिकत नाही. संध्याकाळी केलेले धोंडस निवल्यावर फ्रिजमध्ये ठेवावे, सकाळी खाण्यापुरते वाफवून घ्यावे आणि दोन-तीन दिवसांत संपवावे. नैवेद्याचा स्वयंपाक घरच्या रीतीप्रमाणे ताजा होईलच. पाहुण्यांची न्याहारी तेवढी आदल्या दिवशी तयार असली म्हणजे झाले.

मुलासुनांनी आणि लेकीजावयांनी गावी पोचल्यावर प्रथम आईवडिलांच्या औषधांच्या वेळा कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावाव्यात. तवसे किसण्याचे आणि रवा ढवळण्याचे काम तरुण हातांनी करावे. आजींनी खुर्चीवर बसून प्रमाण सांगावे. सकाळी गोळी घेतली की अर्ध्या तासाच्या आत त्यांच्या हातात बशी असावी. उपवासाचा दिवस असेल, तर गोळीची मात्रा आणि वेळ डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावी. घावने खाण्याची हौस असेल तर ती दुपारी चहाला घालावीत, आणि ती घालायला तव्यापुढे पाहुण्यांनी आळीपाळीने उभे राहावे.