दगडी पाला
बाजरीच्या सोंगणीत हात कापला नाही असा माणूस आमच्या भागात सापडायचा नाही. डाव्या हातात ताटांची मूठ, उजव्यात विळा. जरा नजर हलली की करंगळी गेलीच. मग बांधावरचा दगडी पाला ओरबाडायचा, तळहातावर चोळायचा आणि रस जखमेवर पिळायचा. असा झोंबायचा की डोळ्यांत पाणी यायचं, पण रक्त थांबायचं. कुणी त्याला एकदांडी म्हणतं, कुणी कंबरमोडी. ही वनस्पती मूळची अमेरिकेकडची, हे कॉलेजात कळलं तेव्हा खरं वाटेना. आमच्या बांधावर तिच्याइतकं हक्काचं कुणीच नव्हतं.

कुपाटीला मोगली एरंड. त्याचा चीक गवताच्या फासात धरून आम्ही फुगे उडवायचो. तोच चीक बारीक चिरेवर लावला की वाळून पापुद्रा धरायचा, चिकटपट्टी मारल्यासारखा. सदऱ्याला लागला तर डाग जन्माचा, आईचा मार वेगळा.

तिसरं औषध गोठ्यातलं. आढ्याला लोंबणारं कोळ्याचं जाळं. खोल जखमेत त्याचा बोळा दाबला की रक्त धाग्यांत अडकून गोठायचं. आजीचा त्याच्यावर फार भरवसा. नानाच्या, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्याच्या पायात कुदळ घुसली, तेव्हा तिनंच जाळं भरलं, वरून चिंधी आवळली. रक्त लगेच थांबलं. आठव्या दिवशी नानाची दातखीळ बसली. धनुर्वात. तालुक्याला नेलं, पण चौथ्या दिवशी गेला. मी तेव्हा पाळण्यात होतो. हे सगळं आईकडून ऐकलेलं. शेणामातीत ते जंतू असतात, हवा न लागणाऱ्या खोल जखमेत वाढतात, हे आजीला बहुधा तिथल्याच डॉक्टरनं सांगितलं असावं.

सहावीत असताना माझं बोट कापलं. आजीनं पाला पिळला, चिंधी बांधली आणि म्हणाली, "ऊठ, चल दवाखान्यात."

"आगं, थांबलं की रक्त!"

"नानाचंबी थांबलं व्हतं."

भर उन्हात दोन कोस चालवलं तिनं. नर्सबाईंनी जखम धुताना, हा कसला पाला थापलाय म्हणून तिला चांगलंच झापलं. एरवी कुणाचं ऐकून न घेणारी आजी गप्प उभी. "सुई टोचा आदी," एवढंच म्हणाली.

दगडी पाला तिनं शेवटपर्यंत सोडला नाही. गोठ्याच्या आढ्याला मात्र जाळं कधी दिसलं नाही. दर आमुशाला काठीला खराटा बांधून झाडायची. पुढं मान वर होईना, तेव्हा मला झाडायला लावून खाली उभी राहायची.