कबीरवडाचं चित्र

चि. मुक्ता हिस,


आजोबांच्या खोलीतलं वडाचं चित्र कुठलं, असं तू विचारलंस. तो कबीरवड. भडोचजवळ शुक्लतीर्थापाशी नर्मदेतल्या बेटावर आहे. कबीरांनी टाकलेल्या दातवणाच्या काडीला पालवी फुटून तो वाढला, असं तिकडे सांगतात.

आपल्याकडची प्रत जेम्स फोर्ब्सच्या पुस्तकातल्या चित्राची. 1765 साली ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीसाठी तो मुंबईला निघाला, तेव्हा जेमतेम सोळा वर्षांचा होता, तुझ्याहूनही लहान! पुढे राघोबादादांच्या मदतीला गेलेल्या इंग्रज फौजेबरोबर तो गुजरातेत गेला, मग भडोच आणि डभईला नोकरी केली. जाईल तिथली झाडं, पाखरं, माणसं तो रेखाटायचा आणि घरच्यांना लांबलचक पत्रं लिहायचा. त्या पत्रांतूनच 1813 पासून ‘ओरिएंटल मेमॉयर्स’चे चार खंड निघाले.

या वडाची मोठी खोडं 350, लहान 3000 हून अधिक आणि घेर सुमारे 2000 फूट, असं त्याने नोंदवलंय. सावलीत तेव्हा सात हजार माणसं मावत म्हणे. वडाचा बराच भाग त्याआधीच पुरात वाहून गेला होता, हेही त्याने लिहून ठेवलं. म्हणून मला हे चित्र मोलाचं वाटतं. आज तिथे गेलं तर मूळ खोड कुठलं ते ओळखू येत नाही. पारंब्यांचीच खोडं झालीत.

फोर्ब्सने सांगितलेली एक गोष्ट मला विसरता येत नाही. शिकारीला गेलेल्या त्याच्या मित्राने वडाखाली एक वानरी मारली आणि तंबूत आणली. सगळा कळप तंबूभोवती जमला. म्होरक्या दाराशी येऊन कण्हत राहिला. शेवटी त्यांनी ते कलेवर त्याला दिलं. तो ते कवेत घेऊन गेला. त्या मंडळींनी पुन्हा वानरांवर बंदूक उचलली नाही.

इंग्रज-मराठ्यांमधल्या सालबाईच्या तहानंतर भडोच-डभईचा मुलूख मराठ्यांकडे आला आणि 1784 मध्ये फोर्ब्स मायदेशी परतला.

तू न्यू हेवनलाच आहेस. तिथल्या येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये फोर्ब्सच्या हस्तलिखिताचे खंड आहेत. आधी विचारून वेळ ठरव आणि जाऊन बघ. त्यात कबीरवड सापडला, तर एवढ्या खोडांची गर्दी त्याने कागदावर कशी मांडली, ते मला सविस्तर लिही.

तुझा,
मामा