मुक्तिनाथच्या वाटेवर सिमकार्ड कोणते?

पशुपतिनाथाचे दर्शन घेऊन पुढे मुक्तिनाथला जाणार असाल, तर नेपाळचे प्रीपेड सिमकार्ड काठमांडू विमानतळावरच घ्या. पासपोर्ट आणि एक फोटो जवळ असू द्या. शहरात 'एनसेल' छान चालते; पण मुक्तिनाथ आहे सुमारे ३,७०० मीटर उंचीवर! डोंगरातल्या गावांसाठी सरकारी 'नेपाळ टेलिकॉम'च बरे. वृद्ध आईवडील बरोबर असताना चार रुपये वाचवण्यापेक्षा वाटेत फोन लागणे महत्त्वाचे. किंमत ऐकून दचकू नका, आपले १०० रुपये म्हणजे नेपाळचे १६०. घरचे कार्डही फोनमध्ये राहू द्या. बँकेचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो, म्हणून निघण्यापूर्वी रोमिंग सुरू करून घ्या. त्यावरचे इंटरनेट मात्र आठवणीने बंद ठेवा.