बाराशे रुपये आणि शंभर डॉलर

आईचा पासपोर्ट 2021 मध्ये संपला. बाबा गेल्यावर तिने तो नवा करायचं नाकारलं. "आता कुठं जायचंय मला?" हे तिचं ठरलेलं उत्तर. न्यू जर्सीला ती तीनदा येऊन गेली होती, आणि चौथ्यांदा येणार नाही हे तिने आम्हाला न दुखावता पण स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून गेल्या वर्षी दिवाळीसाठी पुण्याला जायचं ठरलं, तेव्हा मी शोधायला लागले की मतदार ओळखपत्रावर कुठल्या परदेशात जाता येतं. भूतानला जाता येतं.

भाऊबीज आटोपून, फराळाचे दोन डबे घेऊन आम्ही दोघी दिल्लीला पोचलो आणि 7 नोव्हेंबरला पारोचं विमान पकडलं. डावीकडची खिडकी आवर्जून मागून घ्या. हिमालयाची रांग दीर्घकाळ सोबतीला असते. पारोचा विमानतळ दरीत, जवळजवळ 2,200 मीटर उंचीवर. विमान फक्त दिवसाउजेडी, डोळ्यांनी डोंगर बघत उतरवावं लागतं, आणि त्यासाठी खास परवाना असलेले मोजकेच वैमानिक आहेत. विमान डोंगरांमधून इतकं वळत होतं, की एका घराच्या गच्चीवर वाळत घातलेल्या लाल मिरच्या आम्हाला स्पष्ट दिसल्या. आई म्हणाली, "अगं, उन्हाळी कामं चालली आहेत वाटतं."

तिथेच आमचे रस्ते पहिल्यांदा वेगळे झाले. भारतीय पर्यटकाला भूतान रात्रीमागे बाराशे रुपये शुल्क लावतं, बाकीच्या बहुतेक जगाला शंभर डॉलर, वर व्हिसाचे चाळीस. सहा रात्रींचे आईचे सात हजार दोनशे रुपये, माझे पन्नास हजारांच्या वर. आईने दोन्ही पावत्या चष्मा लावून वाचल्या. "म्हणजे मी इथली आणि तू बाहेरची," ती म्हणाली. गंमतच होती ती, पण पुढचे सहा दिवस तिने ती पुरवून पुरवून वापरली.

क्षेत्रफळ साधारण केरळाएवढं आणि लोकसंख्या आठ लाखांच्या आत, असा हा देश. 1958 मध्ये नेहरू इंदिरा गांधींना घेऊन आले, तेव्हा इथे गाडीरस्ता नव्हता. ते सिक्कीममधून नाथूला ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून पारोला पोचले. आज थिंफूला जाणारा रस्ता चांगला रुंद आहे आणि कडेला आपल्या सीमा सडक संघटनेच्या 'दंतक' प्रकल्पाचे उपदेश रंगवलेले असतात. राजधानीत एकही वाहतूक दिवा नाही. मुख्य चौकात नक्षीदार छत्रीखाली पांढरे हातमोजे घातलेला पोलीस हात हलवतो आणि गाड्या खरोखर थांबतात. आईने तिथे दहा मिनिटं उभं राहून हे पाहिलं. पुण्यातल्या माणसाला तेवढी हौस असतेच.

आमचा गाईड तिशीचा. गुडघ्यापर्यंतचा 'घो', खाली लांब मोजे, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी आदरार्थी 'ला'. यस ला, थँक यू ला. भूतानमध्ये टीव्ही 1999 मध्ये आला. हा तेव्हा चार-पाच वर्षांचा असणार. हिंदी मालिका बघत वाढलेला, त्यामुळे त्याची हिंदी आईच्या हिंदीपेक्षा चांगली. माझ्याशी तो इंग्रजीत बोलायचा, आईशी हिंदीत. मी 'मॅडम', आई 'आंटीजी'. दुसऱ्या दिवसापासून त्या दोघांचं एक वेगळंच संभाषण गाडीच्या मागच्या सीटवरून पुढच्या सीटकडे चालू झालं. मी खिडकीबाहेर बघत होते.

थिंफूतल्या स्मारक स्तूपापाशी आई रमली. तिसऱ्या राजाच्या स्मरणार्थ 1974 मध्ये बांधलेला हा पांढरा स्तूप. शहरातले म्हातारे-म्हाताऱ्या सकाळी येतात, प्रदक्षिणा घालतात, प्रार्थनाचक्रं फिरवतात, दमले की बाकांवर बसतात. आईने पर्समधून जपमाळ काढली आणि त्यांच्यात मिसळली. अर्ध्या तासाने पाहते तर ती एका आजीबाईंशेजारी बसून 'दोमा' खात होती. दोमा म्हणजे आपलं पानच, फक्त सुपारी ओली आणि चुना सढळ. तिला घाम फुटला होता आणि ती हसत होती. गाईड हळूच म्हणाला, या बाकांवरच्या कितीतरी जणांची मुलं आता ऑस्ट्रेलियात आहेत. पर्थमध्ये म्हणे एवढे भूतानी झालेत, की तिकडे त्यांचे सणही साजरे होतात. मी म्हणाले, आमच्याकडे एडिसनला तसंच आहे. तो म्हणाला, "यस ला, आंटीजींनी सांगितलं."

पुनाखाच्या वाटेवर दोचुला खिंड लागते, सुमारे 3,100 मीटरवर. तिथले 108 छोटे स्तूप 2003 च्या लष्करी मोहिमेशी जोडलेले आहेत. दक्षिणेच्या जंगलात तळ ठोकलेल्या आसामच्या बंडखोरांना भूतानच्या छोट्याशा सैन्याने तेव्हा हुसकावून लावलं. धुकं इतकं होतं, की हिमशिखरं काही दिसली नाहीत. पुनाखाचा झाँग मात्र लख्ख उन्हात भेटला. 1637 साली शब्द्रुंग न्गवांग नामग्याल यांनी बांधायला घेतलेला हा किल्ला म्हणजे मठही आणि सरकारी कचेरीही. फो छू आणि मो छू, पुरुष आणि स्त्री, अशा दोन नद्यांच्या संगमावर तो उभा आहे. 1994 मध्ये वर एक हिमसरोवर फुटलं आणि त्या पुराने याचंही नुकसान केलं. आत शिरताना गाईडने खांद्यावरून पांढरं उपरणं घेतलं. त्याशिवाय त्याला प्रवेश नाही. आईचं माहेर कऱ्हाडचं. संगम म्हटल्यावर ती कुठल्याही नदीला प्रीतिसंगमाशी ताडून बघते. या वेळी तिने बराच वेळ काही म्हटलं नाही, मग म्हणाली, "चांगला आहे. पण आमच्या नद्या समोरासमोर भेटतात."

जवळच्या चिमी ल्हाखांगला जाताना माझी पंचाईत झाली. द्रुक्पा कुन्ले या अवलिया साधूचं हे देऊळ. मूल व्हावं म्हणून जोडपी इथे येतात, आणि आसपासच्या घरांच्या भिंतींवर भलीमोठी लिंगं रंगवलेली असतात, रिबिनी बांधलेली, डोळे काढलेली. मी मुकाट्याने शेतं बघू लागले. आईने चष्मा पुसून चित्र नीट पाहिलं आणि गाईडला विचारलं, "नजर न लगे, इसलिए ना?" तो हो म्हणाला. "आमच्याकडे काळी बाहुली टांगतात," ती मला म्हणाली, आणि विषय संपला.

फोबजिखाचं खोरं मी कधी विसरेन असं वाटत नाही. रुंद, ओलसर, पिवळं गवत, कडेला बटाट्याची शेतं, आणि हिवाळ्यात तिबेटातून येणारे काळ्या मानेचे क्रौंच. त्यांच्या उड्डाणात तारा आडव्या येऊ नयेत म्हणून खोऱ्यातली वीज जमिनीखालून नेली आहे. लोक मानतात, की येताना आणि जाताना हे पक्षी गांगतेच्या मठाला तीन प्रदक्षिणा घालतात. आम्हाला प्रदक्षिणा दिसल्या नाहीत, पण संध्याकाळी दलदलीत उतरणारे पक्षी दिसले आणि त्यांचा कर्ण्यासारखा आवाज अंधार पडेपर्यंत येत राहिला. रात्री बुखारीभोवती बसून आईने चिवड्याचा डबा उघडला. गाईडने आणि ड्रायव्हरने तो जवळजवळ संपवला. बदल्यात आईने एमा दात्शी खाल्ली, म्हणजे चीजमध्ये शिजवलेल्या मिरच्या. मिरची इथे मसाला नव्हे, भाजी आहे. मला दोन घासांत पाणी लागलं. तिने भाताबरोबर वाटीभर संपवली. 11 नोव्हेंबरला मठाच्या अंगणात क्रौंच उत्सव होता. पंख लावलेली शाळकरी मुलं नाचत होती, एकाचं एक पाऊल सारखं चुकत होतं, आणि आई त्याच्याकडेच बघत होती.

पारोत तक्त्सांग, वाघिणीचं घरटं. पद्मसंभव वाघिणीवर बसून इथे आले अशी कथा. देऊळ 1692 चं, 1998 मध्ये जळालं, मग पुन्हा बांधलं. अर्ध्या वाटेवरच्या उपाहारगृहापर्यंत घोडे जातात. चौऱ्याहत्तर वर्षांची आई घोड्यावर बसून तिथवर आली आणि म्हणाली, "मला इथून दिसतंय. तुम्ही जा." ड्रायव्हर तिच्याजवळ थांबला.

पुढच्या चढावर गाईडने मला सांगितलं, की त्याची बायको पर्थला शिकायला गेली आहे आणि फेब्रुवारीत तोही जाणार. घरी आई एकटी. मी त्याला घरभाडं, काम, विमा असं विचारत राहिले; मला तेवढंच सुचत होतं. शेवटच्या पायऱ्यांपूर्वी दम खायला थांबलो, तेव्हा तो म्हणाला, "आंटीजी म्हणाल्या, जा. त्यांनी मला तुमच्या कॉलेजच्या पत्राचं सांगितलं."

"कुठलं पत्र?"

तो गप्प झाला. मला ते ठाऊकच असेल अशी त्याची समजूत होती.

1998 मध्ये मी गणितात एम.एस्सी. करून एका कॉलेजात मुलाखत दिली होती. उत्तर आलं नाही. वाय-टू-केच्या लाटेत अमेरिकेतलं काम मिळत होतं, म्हणून दोन वर्षांसाठी गेले. तक्त्सांगमध्ये मी दिवा लावला, मूर्ती पाहिल्या, आणि खरं सांगते, त्यांतलं मला फारसं आठवत नाही.

रात्री हॉटेलात आई स्वेटर घडी करत होती. "पत्र आलं होतं?" मी विचारलं.

"त्या पोराने सांगितलं वाटतं." घडी पूर्ण करून ती म्हणाली, "तू गेल्यावर तीन आठवड्यांनी. सोसायटीचं कर्ज काढून पाठवलं होतं तुला. तुझे बाबा म्हणाले नको कळवायला. मीही म्हणाले नको. आठ हजार पगार होता त्यात."

"तेव्हा आठ हजार पुष्कळ होते, आई."

"हो," ती म्हणाली. "पुष्कळ होते." मग तिने गरम पाणी मागवायला सांगितलं, घोड्यावर बसून तिची कंबर धरली होती.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर गाईडने चिवड्याचा डबा परत आणला. आत त्याच्या आईने गच्चीवर वाळवलेल्या लाल मिरच्या होत्या. डबा रिकामा परत करत नाहीत हे त्याला कुणी सांगितलं, ते आईने सांगितलं नाही. मिरच्या पुण्याला गेल्या. अमेरिकेच्या कस्टम्सची भीती मलाच होती.

फेब्रुवारीत आईच्या व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. जाकीट घातलेला तो, मागे समुद्र. खाली लिहिलं होतं, 'आंटीजी, दो साल.' आईने मला फोन करून विचारलं, "पर्थला आत्ता किती वाजले असतील गं?"

पुण्यात रात्रीचे नऊ वाजले होते. मी हिशोब करून सांगितलं, साडेअकरा.

"म्हणजे जेवला असेल," ती म्हणाली.