चार बाय पाचचा मारुती

कॅनव्हास लिफ्टमध्ये मावला नाही. उभा धरला, आडवा धरला, तिरका करून एक कोपरा आत सरकवला. दार काही लागेना. चार फूट बाय पाच फूट. दुकानात भिंतीला टेकवलेला असताना तो एवढा वाटला नव्हता. आमची लिफ्ट चार माणसांची, तीही एकमेकांची चांगली ओळख असेल तरच. वॉचमनकाका खुर्चीतून उठून आले, मागून-पुढून न्याहाळत म्हणाले, "ताई, यात आहे काय?"

"अजून काहीच नाही."

"मग एवढं रिकामं कशाला वर न्यायचं?"

प्रश्न रास्त होता. पाच मजले जिन्याने गेलो. नवरा पुढे, मी मागे. मधे कॅनव्हास असल्यामुळे मला त्याचे फक्त पाय दिसत होते, आणि तिसऱ्या मजल्यानंतर त्याला काय वाटतंय ते त्या पायांवरूनही कळत होतं.

मी बँकेत नोकरी करते आणि रविवारी चित्रं काढते. जत्रेला हौशे, नवशे आणि गवशे असे तीन प्रकारचे लोक येतात म्हणतात, त्यातली मी पहिल्या प्रकारची. शाळेत एलिमेंटरी झाली, इंटरमिजिएटही झाली. दुसऱ्या परीक्षेत सी ग्रेड मिळाली, कारण स्थिरचित्रातल्या तांब्याचं तोंड मला नीट लंबगोल काढता आलं नाही. अजूनही येत नाही. घाटावरचा तांब्या काढायची वेळ आली की मी त्यात फुलं घालते.

नोकरीला लागल्यावर अनेक वर्षं माझ्या चित्रांचं माप बँकेनेच ठरवलं. पैसे भरण्याची चुकलेली स्लिप लोक काउंटरवर तशीच टाकून जातात. तिची मागची बाजू कोरी असते. दुपारी गर्दी ओसरली की बॉलपेनने समोरच्या बाकावर डुलक्या घेणारे आजोबा काढायचे, नाहीतर रांगेतल्या बाईच्या कडेवरचं मूल. त्या स्लिपा अजून एका बुटाच्या खोक्यात आहेत. मग पोस्टकार्डं आली. पन्नास पैशांत चौदा बाय नऊ सेंटिमीटरचा बऱ्यापैकी जाड कागद दुसरं कोण देतं? पाणी जास्त झालं की तो पापडासारखा वाकतो, पण रात्रभर टेलिफोन डिरेक्टरीखाली ठेवला की सरळ होतो. डिरेक्टरीचा तेवढा एकच उपयोग आता उरलाय.

हे सगळं सुरू झालं ते अशाच एका पोस्टकार्डापासून. त्यावर मी दुतोंड्या मारुती काढला होता.

नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते. गोदावरीत, म्हणजे आमच्या भाषेत गंगेत, घाटाजवळ पात्रात उभी असलेली ही मारुतीची मूर्ती. तोंडं दोन, एक इकडे आणि एक तिकडे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की वर्तमानपत्रं क्युसेकचे आकडे छापतात, पण ते आकडे कुणालाच उमगत नाहीत. नाशिककर विचारतो, पाणी मारुतीच्या कुठवर आलंय? गुडघ्याला म्हणजे चपला हातात घ्या, कमरेला म्हणजे दुकानं आवरा, छातीला म्हणजे पूर बघायला पुलावर गर्दी. शेजारी नारोशंकराचं देऊळ आहे, त्याच्या दारावरची घंटा हे पुढचं माप. तिला पाणी लागलं की बोलणंच संपलं.

तर त्या पोस्टकार्डावर मी आधी कागद ओला केला, राखाडी-तपकिरी पाणी डावीकडून उजवीकडे ओढलं, आणि ते अर्धवट ओलं असतानाच व्हर्मिलियनमध्ये किंचित पिवळा घालून चार नंबरच्या ब्रशने वरून खाली एक फटकारा मारला. तीन सेंटिमीटर. खालचं टोक ओल्या रंगात फुटलं आणि आपोआप पाण्यातलं प्रतिबिंब झालं. अशी चित्रं आपण काढत नाही, ती होतात, आणि आपण सही करतो. शाखेत सगळ्यांनी ते हातोहात पाहिलं. रोखपाल म्हणाले, हे मोठं करा. नवराही म्हणाला, मोठं कर. मोठं म्हणजे चांगलं हा समज बँकेत ठेवींच्या बाबतीत खरा आहे, तेव्हा मलाही तो पटला.

मारुतीच्या शेंदरावरून एक आठवलं, ते इथेच सांगते. छोट्या चित्राला मिनिएचर म्हणतात, त्यातला 'मिनी' लहानपणाचा असं मला कायम वाटायचं. तसं नाही. लॅटिनमध्ये शिशाच्या लाल रंगाला, म्हणजे चक्क आपल्या शेंदराला, मिनियम म्हणत. जुन्या हस्तलिखितांतली अक्षरं आणि नक्षी त्याने रंगवत, त्या कामावरून शब्द आला. ती चित्रं पुस्तकाच्या पानावरची, म्हणून लहान असायची, आणि पुढे शब्दाला लहानपणाचा अर्थ चिकटला. म्हणजे माझं पोस्टकार्ड दोन्ही अर्थांनी मिनिएचर होतं. ट्यूबांवरची नावं वाचायची खोड मला शाळेपासूनची. दिगंबर परशुराम दांडेकरांनी १९३१ साली शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिनच्या उंटछाप डबीवर आमच्या पिढ्या रंग शिकल्या. त्या डबीतला गॅम्बोज पिवळा मुळात कंबोडियाकडच्या एका झाडाचा चीक, आणि ते झाड आपल्या कोकमाचं भाऊबंद. क्रिमसन लेकमधला लेक म्हणजे तळं नव्हे, तर आपली लाख, बांगड्यांची. आता ट्यूबेत चीकही नसतो आणि लाखही नसते, नावं तेवढी राहिली आहेत. पण आमटीत आमसूल टाकताना मला गॅम्बोज आठवतो आणि उगाच बरं वाटतं.

मोठं करायचं ठरल्यावर मी बँकेतल्या बाईसारखा हिशेब केला. चार बाय पाच फुटांत १४७ पोस्टकार्डं मावतात. रुंदी साडेतेरा पट वाढणार. उंचीचं प्रमाण मात्र जुळेना. पोस्टकार्ड नऊला चौदा, कॅनव्हास चारला पाच. म्हणजे पोस्टकार्डावरचं वरचं पावणेतीन सेंटिमीटर आकाश सोडून द्यावं लागणार. दिलं सोडून, त्यात काहीच नव्हतं. (होतं. त्या रिकाम्या आभाळामुळे खालचा मारुती एकटा दिसत होता. हे मला दोन महिन्यांनी कळलं.)

मग बॅनर रंगवणाऱ्यांची रीत. लहान चित्रावर पेन्सिलीने चौकोन पाडायचे, मोठ्यावर तेवढेच चौकोन मोठ्या मापाने, आणि एकेक चौकोन उतरवत जायचं. हुसेनसाहेबांनी उमेदवारीच्या काळात मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवली ती ह्याच घराण्यातली. जलरंग एवढ्या पसाऱ्याला पुरणार नव्हता म्हणून ॲक्रिलिकचे डबे आणले. त्या रंगाशी माझं जमेना. जलरंग वाळला की फिका होतो, म्हणून हात सवयीने गडद लावतो. ॲक्रिलिक वाळल्यावर उलट गडद होतं. पहिल्या रविवारी संध्याकाळी मी गोदावरी लावली आणि सोमवारी सकाळी उठून पाहते तर डांबर.

खरा घोळ शेंदराचा झाला. तीन सेंटिमीटरचा फटकारा साडेतेरा पटींनी सोळा इंच झाला. इमारत रंगवायचा चार इंची ब्रश घेतला, श्वास रोखला आणि मारला. पोस्टकार्डावर जो मारुती होता तो इथे एक नारिंगी पट्टा होता, गॅस सिलिंडरच्या ट्रकला असतो तसा. छोट्या चित्रात डोळा स्वतःहून उरलेला मारुती भरून घेत होता. सोळा इंचांत डोळा म्हणायला लागला, बाई, तुम्हीच भरा. बॅनरवाल्यांचं कसब चौकोनांत नव्हतंच. रस्त्यावरून बघणाऱ्याला काय लागेल आणि काय नाही, ह्या नेमक्या अंदाजात ते होतं. माझा कॅनव्हास सहा फुटांवरून बघायचा, आणि मी रंगवत होते ती आमची बाल्कनी पाच फुटांची.

मागे सरायला जागा नाही म्हणून मी मोबाइलवर फोटो काढला आणि चित्र एकदम सुरेख दिसलं! शाखेच्या ग्रुपवर टाकलं. अंगठे, टाळ्या, नमस्कार, सगळं आलं. रात्री उशिरा लक्षात आलं की मोबाइलचा पडदा साधारण पोस्टकार्डाएवढाच असतो. मी १४७ पोस्टकार्डांचं काम करून परत एकाच पोस्टकार्डावर येऊन बसले होते.

तेव्हापासून मला मापांचं वेड लागलं. पडद्यावर सगळी चित्रं एका मापाची होतात, म्हणून मी आकडे हुडकायला लागले. दालीची ती वितळलेली घड्याळं मी भिंतभर असतील असं धरून चालले होते. ते चित्र २४ बाय ३३ सेंटिमीटरचं आहे, माझ्या प्रिंटरच्या कागदापेक्षा जेमतेम मोठं. व्हर्मिरची लेस विणणारी मुलगी तर शाळेच्या वहीएवढी. आणि पिकासोचं 'गेर्निका' पावणेआठ मीटर रुंद. आमचं अख्खं घर आडवं टाकलं तरी पुरणार नाही. यातलं एकही मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. पाहिलंय ते हळदणकरांचं निरांजन घेतलेल्या बाईचं चित्र, मैसूरला, जगनमोहन पॅलेसमध्ये. हळदणकर सावंतवाडीचे, आणि चित्रातली बाई म्हणजे त्यांचीच मुलगी. पुस्तकांत आणि कॅलेंडरांवर ती मला वीतभर भेटत आली होती. तिथे ती समोर उभी राहिली तेव्हा मी नकळत पदर सावरला. आणि ते जलरंगातलं आहे. जलरंगात पांढरं म्हणजे कोरा सोडलेला कागद, नंतर लावायची सोय नाही. म्हणजे ज्योतीच्या उजेडाची जागा त्या माणसाने पहिल्या दिवसापासून राखून ठेवली असणार. मी सहलीच्या बसकडे शेवटी पोचले आणि बोलणी खाल्ली.

मग एका रविवारी पहाटे घडीची खुर्ची घेऊन गंगेवर गेले. आजवर शंभरदा पाहिलेला मारुती पहिल्यांदा बघितला. शेंदूर एक रंग नाहीच. उन्हातल्या खांद्यावर तो पिवळ्याकडे झुकतो, काखेत कातासारखा होतो, आणि पाण्याजवळ पोटऱ्यांवर त्याच्यात खालचा हिरवा चढतो. दगडावर गेल्या पुराची मळकट रेघ, तिच्याखाली शेवाळ, शेवाळाला अडकलेला एक द्रोण. नारोशंकराच्या शिखरावरून कबुतरं उठली की पाण्यात त्यांची सावली आधी हलल्यासारखी वाटते. मी भराभर टिपत होते. मागे एक दहा-बारा वर्षांचा पोरगा येऊन उभा राहिला.

"मावशी, दुसरं तोंड कुठंय?"

"मागे आहे ना. इथून दिसत नाही."

"मग लोकांना कळणार कसं, दुतोंड्या आहे ते?"

पोस्टकार्डावर हा प्रश्नच आला नव्हता. तिथे मारुतीला एकही तोंड नव्हतं आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. मी खुर्ची उचलून बाजूला नेली, इतकी बाजूला की दोन्ही तोंडं कडेने दिसायला लागली. पोरगा सोबत आला. रेखाटन झाल्यावर त्याने मान डोलावली आणि तो निघून गेला. इंटरमिजिएटच्या परीक्षकांनी कधी एवढं केलं नव्हतं.

घरी येऊन डांबराची गोदावरी पांढऱ्याने बुजवली आणि नव्याने सुरुवात केली. चौकोन पाडले नाहीत. छोटं चित्र मनगटातून होतं, हे खांद्यातून करावं लागलं. पहिले तीन रविवार रात्री बाम लावून झोपले. बघायला जागा हवी म्हणून कॅनव्हास हॉलमध्ये आला आणि टीव्ही बेडरूममध्ये गेला. नवऱ्याने क्रिकेटचा एक आख्खा मोसम उशीला टेकून पाहिला. पाच महिने लागले. चित्र पोस्टकार्डाइतकं चांगलं झालेलं नाही, हे मी आधीच सांगून टाकते. पोटऱ्यांचा हिरवा मात्र जमलाय. तेवढ्या वीतभर जागेसाठी बाकीचं सगळं माफ.

आता ते ठेवायचं कुठे? नणंद आली होती. म्हणाली, "वहिनी, सोफ्यावर छान दिसेल, फक्त शेंदरी जरा कमी कर, पडदे मरून आहेत." सोफ्यावर बसेना, कारण एका बाजूला खिडकी आणि दुसऱ्या बाजूला स्विचबोर्ड. नवऱ्याने टेपने मोजलं आणि अगदी निरागसपणे विचारलं, "दोन्हीकडून सहा-सहा इंच कापलं तर?" मी चिडले नाही. रेम्ब्रांटने १६४२ साली रंगवलेलं 'नाइट वॉच' १७१५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या नगरभवनात हलवलं, तेव्हा दोन दारांमधल्या जागेत बसेना म्हणून लोकांनी ते चारही बाजूंनी कापलं. कापलेले तुकडे आजतागायत मिळालेले नाहीत. तिथे तर रेम्ब्रांट होता, इथे मी. तरीपण नको म्हटलं. फ्रेमवाला येऊन गेला. पट्टीचा भाव फुटावर असतो, आणि त्याने सांगितलेल्या आकड्यात माझे पाच महिन्यांचे रंग तीनदा आले असते.

सध्या मारुती दिवाणामागे भिंतीकडे तोंड करून उभा आहे. दोन्ही तोंडं करून. आणि मी परत पोस्टकार्डांवर आले आहे. परवाच पंचवीस आणली.

तेव्हा नाशिकात कुणाकडे चार बाय पाच फुटांची मोकळी भिंत असेल, आणि पडदे मरून नसतील, तर जरूर कळवा. चित्राचे पैसे नकोत. फ्रेमचा निम्मा खर्च मी देईन. फक्त न्यायला दोन माणसं पाठवा, आणि त्यांना आधीच सांगून ठेवा की पाच मजले जिन्याने उतरायचं आहे.