रक्तातील तांबे

कापसाच्या बाजाराकरिता १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत आलेला लोहमार्ग पुढे माझ्या कामी आला तो रक्ताच्या नमुन्यांकरिता. मुखकर्करोगाने ग्रासलेल्या अथवा तसा संशय असलेल्या रुग्णांचे रक्त येथे काढावे, ते गोठल्यावर सुटलेला पिवळसर सीरम निराळा करून बर्फाच्या थर्मासात ठेवावा आणि जलंबला गाडी बदलून तो नागपूरच्या प्रयोगशाळेत पोहोचवावा, असा परिपाठ आम्ही काही वर्षे नेमाने चालविला. रुग्ण बहुधा शेतकरी, नाहीतर जिनिंगमधले मजूर. चुना-तंबाखूची गोळी वर्षानुवर्षे एकाच गालात धरलेली, आणि दवाखान्यात येईतो जबडा असा आखडलेला की तोंडात दोन बोटेही शिरू नयेत.

आम्ही मोजीत होतो ते सेरुलोप्लाझ्मिन, म्हणजे यकृतात निर्माण होऊन रक्तद्रवातील बहुतांश तांबे स्वतःत बाळगणारे प्रथिन. होल्मबर्ग आणि लॉरेल या स्वीडिश संशोधकांनी १९४८ मध्ये ते विलग केले. शुद्ध स्वरूपात ते निळेशार दिसते. रॅव्हिन यांनी १९६१ मध्ये सांगितलेल्या पद्धतीनुसार पॅराफेनिलिनडायअमिनच्या द्रावणात सीरमचा अंश घालून ३७ अंशांवर तासभर ठेवले की हे प्रथिन त्या द्रव्याचे ऑक्सिडीकरण करून जांभळा रंग आणते. मग सोडियम अझाइडने क्रिया थांबवून रंगाची तीव्रता मोजावयाची. कित्येकदा उपकरणाचा काटा हलण्यापूर्वीच, केवळ नलिका उजेडाकडे धरून, रुग्णाच्या सीरमचा गडद जांभळा ओळखू येई, आणि प्रयोग साधल्याच्या समाधानातच त्या माणसाचा चेहरा आठवून मन विद्ध होई.

तथापि हा आकडा रोगाचा दाखला मानण्यास मी कधीच राजी नव्हतो. शरीरात कोठे दाह उत्पन्न झाला, क्षय जडला, इतकेच काय, पण स्त्री गर्भवती असली तरी हे प्रथिन वाढते. म्हणून ताप, गर्भ, जखमेतील पू यांची कैफियत लिहिल्यावाचून कोणताही आकडा नोंदवहीत रुजू करावयाचा नाही, असा माझा आग्रह असे. याच रुग्णांत लोहवाहक ट्रान्सफेरिन मात्र पुष्कळदा उतरलेले आढळे. चेहरा पांढुरका, हिमोग्लोबिन उणे, म्हणून लोहाच्या गोळ्या देण्याची रीत. पण दीर्घ दाहात देह लोहाला फेरिटिनच्या कोठारात कुलूपबंद करून त्याची वाहतूकच रोखतो, हे उमगले म्हणजे अशा वेळी केवळ गोळ्यांनी रक्त का वाढत नाही याचा उलगडा होतो. शस्त्रक्रियेनंतर उतरलेले सेरुलोप्लाझ्मिन पुन्हा चढू लागले, तर त्या माणसाचे तोंड नव्याने बारकाईने तपासण्यास सबळ कारण मिळते. या मोजणीचे मोल मी याहून अधिक लावीत नाही, आणि कमीही लावू देणार नाही.

एका वृद्ध रुग्णाच्या मुलाने मला विचारले होते, “साहेब, बाबाच्या रगतात तांबं वाढलं म्हंता, मंग घरातला तांब्याचा गुंड बंद करू काय?”

मी म्हटले, “गुंड राहू दे, भाऊ. हे तांबं पाण्यातून आलेलं नाही, दुखण्यापायी यकृतानं वाढवलेलं आहे. बाबांची तंबाखू मात्र आजच सुटली पाहिजे, आणि गालाचा तुकडा काढून तपासल्याशिवाय मी तुम्हाला काहीच निश्चित सांगणार नाही.”